घरचा सर्व्हर आणि अडलेला हिशेब

माल अडला तर व्यापाऱ्याचे एका दिवसाचे नुकसान होते; हिशेब अडला तर किती दिवसांचे होईल, हे सांगता येत नाही. कोणाकडून किती येणे आहे, गोदामात किती तागे शिल्लक आहेत, कोणत्या बिलावर किती जीएसटी लागला, हे सारे पूर्वी लाल बांधणीच्या चोपडीत असे आणि चोपडी गल्ल्याशेजारी असे. आज ती चोपडी संगणकात गेली आहे. काहींनी ती दरमहा भाडे देऊन परक्या कंपनीच्या यंत्रावर ठेवली आहे, तर काहींनी आपल्याच घरात एक लहानसे यंत्र मांडून त्यावर ठेवली आहे. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारच्या व्यापाऱ्यांसाठी आहे.

घरचा सर्व्हर ठेवण्याचे फायदे उघड आहेत. जुना लॅपटॉप किंवा तळहाताएवढा संगणक पुरतो, विजेचा खर्च थोडा येतो, आणि आपल्या गिऱ्हाइकांची यादी आपल्याच घरात राहते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेबाची आज्ञावली मुक्त परवान्यावर विनामूल्य मिळते. परंतु फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत बिघाडाच्या दिवशी चुकवावी लागते. भाड्याच्या सेवेत तक्रार करायला कोणीतरी असते. येथे मालकही आपण आणि मिस्त्रीही आपणच. म्हणून दोष कोठे आहे हे शोधण्याची पद्धत माहीत असणे, हा या व्यवहारातील खरा भांडवली खर्च आहे, असे आम्ही समजतो.

डबा म्हणजे काय?

अशा आज्ञावल्या आता बहुधा ‘कंटेनर’मध्ये चालवल्या जातात. हा शब्द आपल्या व्यापाराला नवा नाही. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या पाठवल्या आणि मालवाहतुकीचे रूप बदलले. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराची भरभराट याच पेट्यांवर झाली. पेटीत साबण आहे की सुत, याच्याशी क्रेनला देणेघेणे नसते. पेटीचे माप ठरलेले असले म्हणजे झाले. संगणकात हीच युक्ती २०१३ साली ‘डॉकर’ने लोकप्रिय केली. आज्ञावली आणि तिला लागणारे सर्व साहित्य एका बंद डब्यात भरायचे. मग तो डबा बहुतेक लिनक्स यंत्रांवर चालतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक डबा हा जाळ्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र घर असतो. त्याला स्वतःचा पत्ता असतो, स्वतःचे दरवाजे असतात. नेटवर्कच्या दहापैकी बऱ्याच तक्रारी या एका गोष्टीचा विसर पडल्याने उद्भवतात.

उदाहरणादाखल भिवंडीतील एक कापडाचे व्यापारी घेऊ. घर वरच्या मजल्यावर, तेथे सर्व्हर, गाळा खाली, गोदाम गावाबाहेर. सर्व्हरवर तीन मुख्य डबे: एक गाळ्यातून उघडल्या जाणाऱ्या पानांचा, दुसरा मारियाडीबी या माहितीकोठाराचा, तिसरा रेडिस या तात्पुरत्या साठवणीचा. एके सकाळी भाचा खालून हाक मारतो, “मामू, नेट चालू आहे, पण बिल उघडत नाही!” आता काय करावे?

आधी क्रम, मग हात

पहिली चूक होते ती घाईची. कोणी राउटर बंद-चालू करतो, कोणी डबे पाडून पुन्हा उभे करतो, कोणी दोन्ही एकदम करतो. त्याने कधी काम चालू होते, पण दोष काय होता हे कळत नाही आणि तो पुन्हा येतो. आम्ही सुचवतो तो क्रम आतून बाहेर जाणारा आहे.

पहिले, डबा जिवंत आहे काय? ‘डॉकर पीएस’ ही आज्ञा चालू डब्यांची यादी देते. डबा वारंवार पडून उठत असेल, तर दोष बहुधा नेटवर्कचा नाही. ‘डॉकर लॉग्ज’ने त्याची रोजनिशी वाचावी. दुसरे, डब्याच्या आत शिरून तेथूनच आज्ञावली उत्तर देते का ते पाहावे. तिसरे, सर्व्हरवरून विचारावे. चौथे, घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून. पाचवे, बाहेरून, म्हणजे मोबाइलच्या डेटावरून. प्रत्येक पायरीवर आधी आकड्यांच्या पत्त्याने व मग नावाने विचारावे. ज्या पायरीवर उत्तर बंद होते, दोष त्या पायरीच्या आणि तिच्या आधीच्या पायरीच्या मधोमध असतो. बाकी सर्व जागा सोडून द्याव्यात.

पडद्यावरचे शब्दही काळजीपूर्वक वाचावेत. ‘नकार मिळाला’ असे लगेच आले, तर बहुधा निरोप घरापर्यंत पोहोचला, पण त्या दरवाजामागे कोणी नाही. बराच वेळ थांबून ‘मुदत संपली’ असे आले, तर निरोप वाटेतच हरवला किंवा भिंतीने गुपचूप गिळला. ‘नाव सापडत नाही’ असे आले, तर दोष पत्त्यांच्या वहीत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. हे तीन आजार वेगळे आहेत व तिघांचे औषधही वेगळे आहे.

दरवाजे आणि नावे

डब्याचा दरवाजा, म्हणजे पोर्ट, बाहेरच्या जगाला आपोआप दिसत नाही. ‘सर्व्हरच्या ८०८० क्रमांकावर येणाऱ्यास डब्याच्या ८० क्रमांकावर पाठवा’ अशी नोंद करावी लागते. ही नोंद उलटी लिहिणे ही नवख्यांची हमखास चूक आहे. आधी सर्व्हरचा क्रमांक, मग डब्याचा, हा क्रम पाठ करावा.

नोंद बरोबर असूनही नकार मिळत असेल, तर आज्ञावली डब्याच्या आत कोठे कान लावून बसली आहे ते पाहावे. ती १२७.०.०.१ वर बसली असेल, तर ती फक्त स्वतःच्या घरातलीच हाक ऐकते. तिला ०.०.०.० वर, म्हणजे सर्व बाजूंनी ऐकण्यास बसवले पाहिजे.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे पानांच्या डब्याला ‘माहितीकोठार लोकलहोस्टवर आहे’ असे सांगणे. लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. प्रत्येक डबा वेगळे घर असल्याने पानांचा डबा आपल्याच घरात कोठार शोधत बसतो. तेथे कोठाराच्या डब्याचे नाव लिहावे. आकडी पत्ता लिहू नये, कारण डबा पुन्हा उभा केल्यावर तो बदलू शकतो. नावाने शोधण्याची सोय १२७.०.०.११ या पत्त्यावर डॉकर स्वतः करतो. मात्र ती आपण निर्माण केलेल्या जाळ्यातच मिळते. डॉकरच्या मूळच्या ‘ब्रिज’ जाळ्यात ती नसते. तेव्हा आपले जाळे वेगळे करून सर्व संबंधित डबे त्यात घालावेत.

आणखी एक चकवा आहे. ईआरपीनेक्स्टसारख्या आज्ञावल्या आलेल्या विनंतीवर कोणाचे नाव लिहिले आहे ते वाचतात. दुकानाच्या नावाने मांडलेले खाते आकडी पत्त्याने उघडले, तर ‘असे स्थळ अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळू शकते. असे उत्तर आले म्हणजे नेटवर्क ठीक आहे. टपाल पोहोचले, पण पाकिटावरचे नाव चुकले. तसेच पान उघडते, पण ताज्या सूचना आपोआप येत नाहीत, अशी तक्रार असेल, तर मध्यस्थ सर्व्हर ‘वेबसॉकेट’ची जोडणी पुढे पाठवतो की नाही ते तपासावे.

पोच देणारी डाक आणि न देणारी

जाळ्यातील माल दोन रीतींनी जातो. टीसीपी म्हणजे पूर्वीच्या रजिस्टर डाकेसारखी रीत: पोच घेतली जाते, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड: टाकले आणि विसरले. डॉकरमध्ये नोंद करताना काही सांगितले नाही, तर दरवाजा फक्त टीसीपीसाठी उघडतो. नावे शोधून देणारा डीएनएस सर्व्हर डब्यात ठेवला आणि ५३ क्रमांक यूडीपीसाठी नोंदवलाच नाही, तर डबा जिवंत दिसतो आणि घरभर नावे मात्र सापडत नाहीत. त्यातही काही लिनक्स यंत्रांवर ५३ क्रमांक ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ या अंगभूत सेवेने आधीच अडवलेला असतो. तेव्हा ‘पत्ता वापरात आहे’ असा निरोप येतो. एका गाळ्यात दोन भाडेकरू बसत नाहीत. एकाला उठवावे लागते.

छपाईयंत्राची गोष्ट याच वर्गातील आहे. नव्या पद्धतीचा प्रिंटर ‘मी येथे आहे’ अशी सर्वांना उद्देशून हाक देतो. ही हाक यूडीपीच्या ५३५३ क्रमांकावर २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्याला जाते आणि ती डॉकरच्या पुलावरून आत जात नाही. म्हणून मोबाइलला प्रिंटर दिसतो व डब्यातल्या आज्ञावलीला दिसत नाही. उपाय सोपा आहे: राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा आणि आज्ञावलीत तोच लिहावा. हाका ऐकणे आवश्यकच असेल, तर तो एक डबा सर्व्हरच्याच जाळ्यावर, ‘होस्ट’ रीतीने चालवावा.

एकाच क्रमांकाचे दोन मोहल्ले

खासगी वापरासाठी काही पत्ते राखीव आहेत. १९९६ च्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ चे आणि १९२.१६८ चे असे ते तीन गट होत. डॉकर आपले पहिले जाळे बहुधा १७२.१७ वर मांडतो, पुढची जाळी १७२.१८ पासून पुढे, आणि तेथील जागा संपली की १९२.१६८ च्या गटात शिरतो. घरचा राउटरही बहुधा १९२.१६८ चाच असतो. नवी-जुनी जाळी साठत गेली, की एके दिवशी दोन मोहल्ल्यांना एकच क्रमांक पडतो. मग सर्व्हरला वाटते की गाळ्याचा संगणक आपल्या एखाद्या डब्याशेजारी आहे, आणि उत्तर चुकीच्या गल्लीत जाते. ‘काल चालू होते, आज नवा डबा टाकला आणि बंद पडले’ अशी तक्रार असेल, तर प्रथम हेच पाहावे. निरुपयोगी जाळी काढून टाकावीत आणि डॉकरने कोणत्या पत्त्यांतून जाळी काढावीत ते त्याच्या मांडणीच्या फायलीत ठरवून द्यावे.

लहान पुडके जाते, मोठे पोते अडते

आता एक असा दोष, जो अनुभवी माणसालाही फसवतो. पिंग चालते, प्रवेशाचे पान उघडते. पण मोठे विवरण पाठवू लागले की सारे ठप्प होते. इथरनेटवर एका वेळी १५०० बाइटचे पोते जाते. अनेक ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई रीतीने चालतात. त्यात ८ बाइट वेष्टनाला लागतात, म्हणून दरवाजा १४९२ चा होतो. वायरगार्डचा बोगदा असेल, तर तो साधारण १४२० चा असतो. डब्याला मात्र दरवाजा १५०० चाच वाटतो. पोते अडले की ‘लहान करून पाठवा’ असा निरोप उलट यायला हवा; पण कोणी सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपीचे निरोप बंद केले असतील, तर तो निरोप येत नाही आणि पाठवणारा तेच पोते पुन्हापुन्हा पाठवत बसतो.

परीक्षा अशी: ‘तुकडे करू नको’ अशी अट घालून बाहेरच्या पत्त्यावर १४७२ बाइटचे पिंग पाठवावे. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की १५०० होतात. ते गेले नाही आणि १४६४ चे गेले, तर दरवाजा १४९२ चा आहे हे सिद्ध झाले. मग डॉकरच्या जाळ्याचे एमटीयू तेवढे किंवा थोडे कमी करावे. येथेही सावध राहावे: डॉकरच्या मुख्य फायलीत लिहिलेले माप त्याच्या मूळ जाळ्यालाच लागू होते. आपण निर्माण केलेल्या जाळ्याला ते स्वतंत्रपणे सांगावे लागते.

बाहेरून रस्ताच नसेल तर

घरात सारे चालते, गोदामातून उघडत नाही. राउटरमध्ये दरवाजा पुढे पाठवण्याची नोंद दहा वेळा तपासली, तरी उपयोग नाही. अशा वेळी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तो आपला एकट्याचा नाही. कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. आयपीव्ही४ मध्ये पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत आणि जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्याची ही किंमत आहे. आपल्या राउटरमधील कोणतीही नोंद येथे कामाची नाही.

उपाय तीन आहेत. सेवा देणाऱ्याकडून पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा. किंवा आयपीव्ही६ वापरावे. त्यात पत्त्यांची टंचाई नाही. मात्र गाळा, गोदाम, मोबाइल या सर्व ठिकाणी आयपीव्ही६ चालू असले पाहिजे, नाहीतर ‘मोबाइलवर उघडते, गोदामात नाही’ असा प्रकार होतो. किंवा बाहेरच्या एखाद्या लहान भाड्याच्या यंत्रापर्यंत वायरगार्डचा बोगदा काढावा. लहान व्यापाऱ्यासाठी आम्हाला तिसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्यात हिशेबाचा दरवाजा साऱ्या जगासाठी उघडावा लागत नाही.

याउलट बाहेरून उघडते आणि घरातून त्याच नावाने उघडत नाही, असेही होते. काही राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी वाट देत नाहीत. तेव्हा घरातील डीएनएसमध्ये त्या नावासमोर सर्व्हरचा घरचा पत्ता लिहावा.

घड्याळ आणि कुलूप

वीज गेली, परत आली, आणि सर्व जोडण्या ‘प्रमाणपत्र ग्राह्य नाही’ म्हणू लागल्या, तर आधी सर्व्हरची तारीख पाहावी. रास्पबेरी पाय यंत्राच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. पाचव्या आवृत्तीत घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. अशी यंत्रे वेळ जाळ्यातून, यूडीपीच्या १२३ क्रमांकावरून घेतात. ती वाट बंद असेल, तर तारीख मागे राहते आणि कालचे प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेले नाही’ असे ठरते. बिलावर चुकीची तारीख पडते, ते निराळेच. डबे सर्व्हरचेच घड्याळ वापरतात, म्हणून दुरुस्ती सर्व्हरवर करावी.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्रे विनामूल्य देते; पण त्यांची मुदत तीन महिन्यांच्या आतबाहेरचीच असते, म्हणून नूतनीकरण आपोआप व्हावे लागते. त्याची एक नेहमीची रीत बाहेरून ८० क्रमांकावर येऊन खात्री करते. फक्त ४४३ उघडा ठेवणाऱ्यांचे आणि सामायिक पत्त्यामागे बसलेल्यांचे नूतनीकरण येथेच अडते. त्यांनी डीएनएसमधील नोंदीद्वारे खात्री करण्याची रीत निवडावी.

सर्वांत महाग पडणारे औषध

काही केल्या जमत नाही म्हणून लोक सगळेच दरवाजे उघडतात. ‘आधी चालू तर होऊ दे, मग बंद करू’ असे म्हणतात आणि नंतर कोणाला आठवत नाही. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातील हजारो मोंगोडीबी माहितीकोठारे अशाच उघड्या दारांतून रिकामी केली गेली आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवण्यात आली. त्यासाठी मोठी करामत लागली नव्हती. दाराला कुलूप नव्हते, एवढेच.

डॉकरबाबत येथे विशेष सावधगिरी हवी. यूएफडब्ल्यू ही भिंत उभारून आपण निर्धास्त होतो, पण डॉकर नोंदवलेल्या दरवाजांसाठी स्वतःचे नियम लिहितो व त्या दरवाजांवरची ये-जा यूएफडब्ल्यूला वळसा घालून होते. भिंत ‘बंद’ सांगते आणि दार उघडे असते. राउटरमागे असेपर्यंत हे झाकलेले राहते. राउटरचे डीएमझेड चालू केले, की उघडे पडते. म्हणून माहितीकोठाराचा ३३०६ व रेडिसचा ६३७९ हे क्रमांक बाहेर नोंदवूच नयेत. एकाच जाळ्यातील डब्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी त्या नोंदीची गरज नसते. सर्व्हरवरूनच पाहायचे असेल, तर १२७.०.०.१ पुरतीच नोंद करावी.

आणि घाबरून डबे काढून टाकू नयेत. डबा काढला की त्याच्या आत लिहिलेले जाते. फक्त वेगळ्या ‘व्हॉल्यूम’मध्ये ठेवलेले राहते. ‘डॉकर कंपोज डाउन’ या आज्ञेला व्हॉल्यूम पुसण्याची जोड दिली, तर वर्षभराचा हिशेब एका क्षणात जातो आणि तो परत विचारण्याची कोणतीही खिडकी नाही. नेटवर्कचा दोष तासाभराने सापडतो. पुसलेली चोपडी सापडत नाही.

तेव्हा आमचा सल्ला असा. एक साधी वही घ्यावी. त्यात प्रत्येक डब्याचे नाव, त्याचा दरवाजा, टीसीपी की यूडीपी, कोणासाठी उघडा, हे लिहावे. राउटरचे व जाळ्यांचे पत्ते लिहावेत. दर बिघाडाला तारीख, दिसलेले शब्द आणि केलेला उपाय नोंदवावा. माहितीकोठाराची प्रत रोज रात्री काढून दुसऱ्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, ते पाहावे. ही वही घरात दोघांना वाचता आली पाहिजे. ज्या सर्व्हरची माहिती एकट्या भाच्याच्या डोक्यात आहे, तो भाचा परीक्षेला गेला की व्यापार बंद पडतो.